वेशीबाहेर न जाणारी गाडी

चंद्रभान ठाकरेंची गाडी पुन्हा बंद पडली, आणि या खेपेला ती थेट लग्नाच्या मांडवासमोर बंद पडली. बंद पडली म्हणजे इंजीन सुरू होतं, गाणी वाजत होती, एसी गारवा देत होता, फक्त गाडी पुढे जायचं नाव घेत नव्हती. गिअर पुढचा टाकला की ती नुसती गुरगुरायची. मागचा टाकला की मात्र आज्ञाधारकपणे मागे यायची.

लग्न हिंगणघाटला होतं, त्यांच्या बायकोच्या, आनंदाबाईंच्या सख्ख्या भाच्याचं. मागून वरातीचा घोडा, पुढे मांडव आणि मधे यांची पांढरी गाडी. शेवटी चंद्रभानांनी नाइलाजानं गाडी कशीबशी वळवली आणि पार्श्वभाग पुढे करून मांडवाच्या दारातून आत नेली. बँडवाल्यांना वाटलं, हीच नवरदेवाची गाडी. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. दोन बाया आरतीचं ताट घेऊन डिक्कीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अवो, नवरदेव उलटा काऊन येऊन राह्यला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

आनंदाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. वर्ध्याला परत येईपर्यंत, म्हणजे भाच्याच्या मित्राच्या मालवाहू टेम्पोत बसून, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र बोलल्या.

"आता एकच डाव. येत्या चतुर्थीले केळझरच्या गणपतीले जायाचं हाय. या गाडीनं जाऊ. वाटेत उभी राह्यली का दुसऱ्या दिवशी धीरजले वापस. मंग मले काई सांगू नका."

धीरज म्हणजे ज्यानं ही जुनी गाडी विकली तो. वापस करायची म्हटली तर तो घेणार होता, हसत हसत घेणार होता. प्रश्न धीरजचा नव्हताच. प्रश्न चंद्रभानांच्या डाव्या पायाचा होता.

हा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. त्यामुळे सायकल जमली नाही, मोपेडवरून दोनदा पडले, आणि क्लच दाबायचा म्हटलं तर पायाला ते कळायचंच नाही. कारकुनी केली, हेडक्लार्क झाले, केस पांढरे झाले, पण माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या मागच्या सीटवर. ऑफिसला शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे. लग्नाला मेव्हण्याच्या जीपमध्ये मागे. स्वतःच्या लग्नातसुद्धा मागेच, पण तिथे सगळेच मागे बसतात म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मग वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कुणीतरी सांगितलं, "साहेब, ऑटोमॅटिक घ्या ना! तिले क्लचच नसते. उजवा पाय बस हाय." पहिल्या दिवशी गाडी स्वतः चालवत सेवाग्रामच्या चौकापर्यंत जाऊन आले, तेव्हा घरी येऊन न्हाणीघरात तोंड धूत बराच वेळ उभे होते. आनंदाबाईंना ते दिसलं होतं. म्हणून तर त्यांनी तीनदा सहन केलं.

हो, तीनदा. हिंगणघाटाआधी दोनदा तसंच झालं होतं. एकदा रोहण्याला, त्यांच्या मूळ गावी, चुलतभावाच्या नातीच्या बारशाला निघाले, तर पुलगावच्या पुढे गाडीनं राम म्हटला. पाळण्यातलं पोर नाव घेऊन झोपून गेलं तरी हे रस्त्यावरच. दुसऱ्यांदा नागपूरला निघाले तेव्हा बुटीबोरीही दिसली नाही. बरं, गावात म्हणाल तर गाडी सोन्यासारखी! ऑफिस, भाजीबाजार, स्टेशन, सेवाग्राम, कुठेही न्या, कुरकूर नाही. लांबचं नाव काढलं की संपलं. वेशीबाहेर जायचं नाही असं तिनं कुणाला वचनच दिलं होतं जणू.

"हिले दूरचं भेव वाटते," आनंदाबाईंचं निदान. "पह्यला मालक कुठी नेतच नसन हिले."

"गाडीले कुठी भेव वाटते का?"

"मंग तुम्ही सांगा दुसरं काई!"

दुसरं काही सांगण्यासाठी मुकेश होता. वर्ध्यात ऑटोमॅटिक गाड्यांचा तोच एक जाणकार. पहिल्यांदा तो म्हणाला, सेन्सर. दुसऱ्यांदा म्हणाला, गिअरबॉक्स गरम होते. दोन्ही वेळा त्यानं खोलखाल केली, गिअरबॉक्सचं तेल बदलून दिलं, गाडी ठणठणीत झाली. तिसऱ्या वेळी, हिंगणघाटाहून ती ट्रकवर लादून आली तेव्हा, त्यानं तेल एका डब्यात काढलं आणि डब्यात नाक घातलं. मग चंद्रभानांकडे पाहिलं.

"काका, एक इचारू? राग नोको मानजा."

"विचार."

"तुमच्या गिअरबॉक्सले चटणीचा वास काऊन येऊन राह्यला?"

चंद्रभानांना वाटलं, पोट्टा थट्टा करतो आहे. पण मुकेशनं डबा पुढे केला. लाल असायला हवं ते तेल विटकरी पडलं होतं, वर फेस होता, आणि वास... तो वास त्यांनी रोजच्या ताटात घेतला होता. जवस!

"याच्यात घरचं तेल कोणी तरी ओतते, काका. नवीन तेल टाकून देतो, गाडी धावन. पण ओतणाऱ्याले पकडा पह्यले. अजून एक डाव असं झालं तं पूर्ण गिअरबॉक्स गेला समजा. मंग माह्याकडे बी इलाज नाई."

गाडी घेऊन घरी येताना चंद्रभानांच्या डोक्यात शेजारीपाजारी, धीरज, ऑफिसातला एक जळकुकडा, सगळे येऊन गेले. घरात पाऊल टाकलं तर आनंदाबाई स्वयंपाकघरातून ओरडत होत्या.

"रोहण्याहून आणलेलं जवसाचं तेल अर्धं खल्लास! या घरात जवसाचं तेल पिते तरी कोण?"

चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती. चहा घेऊन चंद्रभान अंगणातल्या टिनाच्या शेडकडे आले आणि तिथेच थबकले. दिवेलागण व्हायची होती. गाडीचं बोनेट उघडं होतं आणि बोनेटपाशी त्यांचे वडील, बापूजी, वाकून उभे होते. बापूजी दोन वर्षांपूर्वी शेती वाट्यानं देऊन रोहण्याहून वर्ध्याला राहायला आले होते. धोतर खोचलेलं, एका हातात बांबूची नळी. हीच नळी त्यांनी चाळीस वर्षं बैलांना औषधपाणी पाजायला वापरली होती. दुसरा हात गाडीच्या पत्र्यावर होता आणि ते तो हळूहळू थोपटत होते.

"पी माय, पी. उद्या दूर जायाचं हाय."

"बापूजी!"

बापूजी दचकले. पण चोरी पकडल्यासारखे नव्हे, जेवताना कुणी उठवल्यासारखे.

"आला का चंदर? बरं झालं. जरा हे काडी उपसून दे. आज माह्यानं जोर लागत नाई."

गिअरबॉक्सचं तेल मोजायची काडी! नळी अजून भरलेलीच होती. चंद्रभानांनी ती हातातून जवळजवळ हिसकावली.

"बापूजी, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काय म्हंजे? त्या धीरजनं नाई सांगतलं का गाडी देल्ली त्या दिवशी? म्हणे याच्यातलं तेल कमी झालं का हिचा जीव जाते. तू तं कधी पायतच नाई. अन् दूरच्या वाटेले न्यायच्या आधी जनावराले तेल पाजाच लागते. मी माह्या बैलायले उपाशी नेलं का कधी?"

"रोहण्याले गेलो तेव्हा बी पाजलं होतं?"

"पाजलं ना."

"नागपूरले?"

"नागपूर लय दूर हाय. दोन नळ्या पाजल्या."

चंद्रभान बोनेटला टेकून उभे राहिले. तीन महिन्यांची बेइज्जती, टेम्पोतला प्रवास, डिक्कीसमोरची आरती, सगळं या बांबूच्या नळीतून आलं होतं. त्यांना ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात बापूजी गाडीकडे पाहत म्हणाले,

"चंदर, तुह्या पायाचं मले कधी बोलता आलं नाई. जनमभर तू मांगं बसून गेला, अन् मी पाहून राह्यलो. या गाडीनं तुले पुढं बसवलं. तिले मी काई कमी पडू देईन का?"

आता या माणसाला कसं सांगायचं, की तुमच्या मायेनंच गाडी मरते आहे? सांगणं शक्यच नव्हतं. आनंदाबाईंच्या कानावर घालणं तर त्याहून नाही. त्यांनी बापूजींचा हात धरला आणि बोनेटच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची टाकी दाखवली. काच धुण्याच्या पाण्याची.

"बापूजी, या जातीचं तोंड इकडे असते. ते काडीवालं भोक तिचं नाक हाय. नाकात ओतलं तं ठसका लागन का नाई? इथून पाजत जा."

बापूजींनी टाकीत वाकून पाहिलं. "बरं झालं सांगतलं. मंग तरीच! काय पाजू?"

"पाणी. फक्त पाणी."

"मेहनतीच्या जनावराले नुसतं पाणी?"

"हे जात पाणीच पिते, बापूजी. तेल तिले चालतच नाई."

बापूजी यावर काही बोलले नाहीत. त्यांचं हे न बोलणं चंद्रभानांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण ते खुशीत होते. आपण किती हुशारीनं मार्ग काढला, याच आनंदात रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी गाडी निघाली. पुढे चंद्रभान आणि आनंदाबाई, मागे बापूजी आणि नैवेद्याची पिशवी. पवनार आलं, धामचा पूल गेला, गाडी लोण्यासारखी चालत होती. सेलू आलं. आनंदाबाईंनी मुठीत धरलेला पदर सेलूपर्यंत सोडला नव्हता, तो आता सोडला. सेलू गेलं, आणि चंद्रभान शीळ घालायला लागले. हे त्यांनी तीन महिन्यांत केलं नव्हतं.

केळझर दोन-तीन किलोमीटर राहिलं असेल. शेतातून चिखल घेऊन रस्त्यावर चढलेल्या एका ट्रॅक्टरनं समोरच्या काचेवर शिंतोडे उडवले.

"पाणी मारा ना काचेले," आनंदाबाई म्हणाल्या.

चंद्रभानांनी दांडी ओढली. दोन पिवळ्या धारा काचेवर उडाल्या. वायपर फिरला आणि त्यानं त्या धारा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट सारवून दिल्या. समोरचा रस्ता, ट्रॅक्टर, केळझर, गणपती, सगळं गायब झालं.

"अहो! दिसून राह्यलं का तुम्हाले?"

"काईच नाई!"

बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. वाटेत उभी राहिली. ठरल्याप्रमाणे खेळ खलास. आनंदाबाई खाली उतरल्या. काचेवर बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं. मग मागच्या सीटकडे पाहिलं. बापूजी दुसऱ्या बाजूच्या पऱ्हाटीत कापूस किती फुटला आहे ते फार बारकाईनं बघत होते.

"बापूजी, हे जवसाचं तेल हाय ना?"

"थोडंसंच टाकलं व सूनबाई. नुसत्या पाण्यानं काय होते?"

मग चंद्रभानांना सगळंच सांगावं लागलं. रोहणा, नागपूर, हिंगणघाट, नळी, नाक आणि तोंड. सांगताना त्यांचा आवाज खाली खाली गेला. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे. तू म्हटलं तसं करू. उद्या धीरजले फोन करतो. बापूजीले मात्र काई बोलू नोको."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथल्या चुलीतली मूठभर राख आणि तांब्याभर पाणी आनंदाबाई घेऊन आल्या आणि नवी साडी खोचून रोजच्या कढईसारखी ती काच घासायला लागल्या. चहावाला, त्याची गिऱ्हाईकं, एक जाणारा सायकलवाला, सगळे बघत उभे राहिले. काच लख्ख झाली. हात धुऊन त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

"धीरजले फोन कायले?"

"तूच म्हटलं होतं ना. वाटेत उभी राह्यली का वापस."

"ते कुठी उभी राह्यली? तुम्ही उभी केली," आनंदाबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत पह्यल्यांदा तुमच्या मनानं थांबली ते. चला आता, आरती हुकन. अन् बापूजी, ते नळी घरी गेल्यावर माह्याजवळ द्यायची."

चंद्रभानांनी डोळे पुसले, काच स्वच्छ आहे ना ते पुन्हा एकदा पाहिलं, आणि गिअर टाकला. नेमक्या त्याच क्षणी मागच्या सीटवरून बापूजींनी जिभेनं "च्यक् च्यक्" केलं, आणि गाडी निघाली.

"पाह्यलं?" बापूजी म्हणाले. "आता माह्यं आयकते ते."