दोन्ही कान दिसणारा मुलगा

माझ्या पासपोर्ट फोटोला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली. मला नाही. मी बारावी अर्ध्यात सोडली. फोटो त्याआधी काढलेला, त्यामुळे त्याने काहीच सोडलं नव्हतं. प्रवेश परीक्षेला आप्पा त्याला शर्टाच्या खिशातून घेऊन गेले. आप्पांनी आयुष्यात एकच परीक्षा मनापासून दिली, तीही माझी.

निकाल लागला आणि घरात त्याची तयारी सुरू झाली. आप्पांनी त्याला लॅपटॉप घेतला. कॉलेजच्या आधी कोडिंग यायला हवं म्हणून क्लास लावला. तिथे तो पहिल्या बाकावर कंपासपेटीला टेकून बसायचा. इतका एकाग्र मुलगा पाहिला नाही, असं सर म्हणाले. जेवायला त्याची जागा साखरेच्या डब्यापाशी, म्हणजे माझ्या जागेवर. मे महिना, कराडचं ऊन, आणि पंखा बंद. का, तर तो उडेल.

मला हेवा वाटायचा. लपवत नाही. त्याचा भांगसुद्धा माझाच होता, स्टुडिओवाल्याने पाण्याचा हात लावून पाडलेला. माझा घरी येईपर्यंत विस्कटला, त्याचा टिकला.

मधुकाका पेढे घेऊन आले आणि बॉक्स त्याच्यासमोर ठेवला.

"नजर बघ पोराची. किती स्थिर."

"त्याला पापणी मिटता येत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. शीक जरा."

काका तीन धंदे बुडवून आता लोकांना स्थिरता शिकवतात.

एकदा दुपारी मी लॅपटॉप उघडला. तो काय शिकतो ते मला बघायचं होतं. मलाही ते शिकायचं होतं, पण हे कोणी विचारलं नाही. आईने एवढंच विचारलं, की त्याची परवानगी घेतलीस का. मी त्याला विचारलं. तो समोर बघत राहिला.

"नाही म्हणतोय," आई म्हणाली आणि झाकण लावलं.

प्रवेशाच्या दिवशी मलाही पुण्याला नेलं, पिशव्या उचलायला. खिडकीतल्या बाईंनी फोटो उजेडात धरला. दोन्ही कान दिसतात, मागचा रंग पांढरा, सगळं ठीक. फक्त सही नाही. नियमाप्रमाणे फोटोवर मूळ माणसाची सही लागते, अर्धी फोटोवर आणि अर्धी बाहेर. ती नसेल तर जागा पुढच्याला जाईल.

वर्षभरात पहिल्यांदा आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं.

मी सही करणार नाही म्हणालो. जागा द्यायची तर मला द्या, चेहरा एकच आहे. बाईंनी त्याला माझ्या गालाशेजारी धरून दोघांना शांतपणे पाहिलं.

"थोडे दिसता तसे," त्या म्हणाल्या. "पण यांचा चेहरा जास्त स्पष्ट आहे."

"तुझं काय जातंय?" आप्पा म्हणाले. "तू ते नाव वापरतोस कुठे?"

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. मागची रांग कुरकुरायला लागली. तेव्हा आईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ओजू, कर ना रे सही."

कॉलेज सोडल्यापासून ती मला नुसतं 'अरे' म्हणायची. ओजू फक्त त्याला. मी पेन घेतलं.

बाहेरची अर्धी कशावर करायची, ते विचारलं. "तुमच्यावर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोटो माझ्या मनगटाला टेकवला. 'ओजस' त्याच्या शर्टावर आलं, 'धामणे' माझ्या मनगटावर. बाईंनी फुंकर मारून शाई वाळवली आणि त्याला आत घेतलं.

घरी आलो. आप्पा रिकाम्या खिशावर हात ठेवून बसले. पंखा लावला. साखरेच्या डब्यापाशी कोणी नव्हतं, म्हणून मी जाऊन बसलो.

आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला. "धामणे, हात धुऊन जेवायला या. मनगट भिजवू नका. त्याला चार वर्षं लागणार आहे ते."

मी उठलो आणि बोटं तेवढी धुतली.