ओबरमोसिंगेनला या, झाडू मिळेल!

“महापौरसाहेब, आपल्या गावात पाहुण्यांनी यावं तरी कशाला?”

ओबरमोसिंगेनच्या भर गावसभेत रोन्याने उभं राहून विचारलं. “विचारून दाखव, तर तू खरी!” असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, आणि डिवचलेली सोळा वर्षांची मुलगी म्हणजे उतारावर सुटलेलं बटाट्यांचं पोतं, कुणाच्या बापाच्याने थांबत नाही! पण प्रश्न वावगा नव्हता. पाहुणे येत नाहीत, शनिवार संध्याकाळची शहराकडे जाणारी बस रिकामी धावते, म्हणून ती बंद करायचा ठराव समोर होता. ती बस गेली म्हणजे सिनेमा गेला, नाच गेला, रोन्याचं अख्खं तारुण्य गेलं!

आणि पाहुण्यांसाठी महापौर बुर्कहार्टसाहेबांनी काढलेली माहितीपुस्तिका काय सांगत होती? रविवारी गवत कापू नये. दुपारी काचेच्या बाटल्या टाकू नयेत. बाकावर पाय ठेवू नयेत. वाचून माणूस यायच्या आधीच माफी मागेल!

“मग तूच लिही ना, बाळ,” साहेब गोड हसून म्हणाले. “उन्हाळाभर बस भरून दाखव. भरली, तर राहील.”

“भरतेच!” रोन्या म्हणाली.

घरी येऊन लिहायला बसली, तर गावात सांगण्यासारखं काही सापडेना. किल्ला नाही, तळं नाही, चर्चचा मनोरासुद्धा जेमतेमच. खिडकीतून बघते तो समोर हेगेलेबाई फूटपाथ झाडतायत! गावचा नियमच तो : ज्याच्या दारावर झाडायच्या पाळीची पाटी, त्या आठवड्यात जिना आणि फूटपाथ झाडायचं काम त्याचं. शनिवारी झाडून झालं की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. रोन्याने ठोकून दिलं : ‘सर्वात स्वच्छ गाव! शनिवारी या. पाटी दिसेल त्या दारी झाडू मागा. मनाला शांती मिळेल!’

शहरात शांतीची फारच टंचाई असावी. पुढच्याच शनिवारी डझनभर माणसं उतरली. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी हेगेलेबाईंच्या दारापुढे, त्यांच्याच झाडूने, डोळे मिटून झाडायला सुरुवात केली.

आता या गावात दुसऱ्याने आपल्या दारापुढे झाडणं म्हणजे चारचौघांत आपलं नाक पुसून देणं!

“अहो! मी सकाळीच झाडलंय!”

“दिसतंय ना. मी फक्त शांती घेतोय.”

“शांती आपापल्या दारात घ्यावी!”

ते गेल्यावर बाईंनी फूटपाथ पुन्हा झाडला, वर साबणाने धुतला. ते शेजारच्या कुर्ट्सबाईंनी पाहिलं. “हिने दोनदा? म्हणजे माझं घाण दिसणार!” त्यांनी तीनदा झाडलं. वणवा पसरावा तसं गाव पेटलं. रोन्याचे बाबा तर रस्त्यावर ओणवे बसून दगडांच्या फटी घासत होते.

“बाबा! तो माझा दातांचा ब्रश आहे!”

“इज्जतीचा प्रश्न आहे, पोरी! दात नवे येतील!”

व्हायचं तेच झालं. पुढच्या शनिवारी बस खच्चून भरून आली, हाताहातांत झाडू आले, आणि गावात केराचा कण नाही!

“एवढ्या लांबून आलो, आणि झाडायचं काय? तुमची अब्रू?” एक पाहुणी कडाडली.

रोन्या धावत महापौरांकडे. “साहेब, केर संपला! हे लोक परत येणार नाहीत!”

साहेबांच्या मेव्हण्याची खाणावळ त्या दिवशी पहिल्यांदाच भरली होती. त्यांनी तडक सुताराकडून भुशाचं पोतं उचललं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर हळूच रितं केलं. हळूच कसलं! मागे हेगेलेबाई उभ्या.

“महापौर! तुम्ही! रस्त्यावर! केर!”

खून उघडकीला यावा तशा गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. साहेबांचा चेहरा भुशाच्या रंगाचा. तेवढ्यात पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि भुशावर अशी झडप घातली, की बाईंना ओरडायलासुद्धा जागा उरली नाही!

मग दर शनिवारी भुशाचं पोतं ठरलेलंच. उन्हाळा संपला. बस राहिली! मैत्रिणींनी रोन्याला खांद्यावर घेतलं. पुढच्याच शनिवारी संध्याकाळी सगळ्या नटूनथटून थांब्यावर उभ्या राहिल्या. बस आली. दारापर्यंत पाहुणे, पाहुण्यांच्या चेहऱ्यावर शांती, आणि ड्रायव्हरचा हात खिडकीबाहेर.

“जागा नाही, पोरींनो! गाव फारच आवडलंय लोकांना!”

धूर तेवढा मिळाला. रोन्या पाय आपटत घरी आली. आई-बाबा पावाला लोणी लावत होते.

“आई, बाबा, माझं ठरलं! मी दुसरी पुस्तिका लिहिणार, शेजारच्या उंटरमोसिंगेनवर. निम्मे पाहुणे तिकडे धाडते. त्यांची बस वेगळी आहे, आणि केर तर काय, हवा तेवढा!”