गाडीले पंख फुटनात का?

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आबांच्या गमती मात्र मी कितीतरी जणांना सांगितल्या. लोक हसले, मीही हसलो, आणि खरं सांगायची वेळ आली की चहाचं निमित्त करून उठलो. आता उठणार नाही.

आबा जळगावात माझे शेजारी होते. मूळचे धरणगावचे, धंद्याने शिंपी. घरातून निघताना ते चष्मा विसरायचे, किल्ली विसरायचे, एकदा तर एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात माझी चप्पल घालून गेले. पण खांद्यावरची पिशवी कधी विसरले नाहीत. तिच्यात दोनच वस्तू असत. शिंप्याची मापाची टेप, आणि बरणीभर चुन्याची फक्की, मैदान आखायला वापरतात ती.

ही फक्की अपघातासाठी. कुठेही दोन गाड्या धडकल्या की आबा धोतराचा सोगा खोचून धावत. "हालवू नका रे भो! गाडी हालवू नका!" आधी जखमी माणसाला रिक्षात घालत, त्याच्या चपला शोधून जोडीने पायाशी ठेवत, आणि मग प्रत्येक चाकाभोवती फक्कीची रेघ ओढत. नंतर टेप काढून मापं घेत. धंद्याची सवय जात नाही. रस्त्याच्या कडेपासून ट्रकच्या चाकापर्यंतचं अंतर मोजून ते ओरडत, "छाती बेचाळीस!" जमलेले लोक हसत. एका हवालदाराने त्यांची बरणी पाहून हात पुढे केला होता, "आबा, यापेक्षा ओला चुना ठेवत जा. तंबाखूला तरी होईल."

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एका स्कूटरवाल्या बाईंनी भाजीची हातगाडी उलटवली. भरताची वांगी रस्ताभर पसरली. आबांनी स्कूटर आखली, हातगाडी आखली, आणि मग प्रत्येक वांग्याभोवती एकेक गोल काढायला बसले.

"आबा, मला ऑफिस आहे हो!" बाई रडकुंडीला आल्या.

"जा ना, अक्का. तू जा. गाडी राहू दे."

"अरे म्हातारा, वांगं कोर्टात जाई का मन्हं?" भाजीवाला किंचाळला.

"जाई! तेबी जाई! कोठे पडेल व्हतं, ते त्यालेच माहीत शे!"

शेवटी आबांनी ती फुटलेली वांगी स्वतःच विकत घेतली, आणि त्या दिवशी अख्ख्या गल्लीत भरीत झालं.

हसू येतं ना? आता यामागचं ऐका.

आबांचा मुलगा किरण आखाजीला मुराळी म्हणून निघाला होता. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि भाऊ त्यांना आणायला जातो. बहीण दिली होती पारोळ्याकडे. किरण मोटारसायकलवर, हँडलला पिशवी, पिशवीत आईने दिलेल्या सांजोऱ्या. एरंडोल सोडल्यावर समोरून केळीचा ट्रक दुसऱ्या गाडीला मागे टाकत किरणच्या बाजूला घुसला. किरण दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

पोलीस आले तेव्हा मोटारसायकल उजव्या बाजूला, म्हणजे ट्रकच्या बाजूला, एका निंबाखाली पडलेली होती. त्यांनी दिसलं ते लिहिलं. ट्रकवाल्याने सांगितलं, पोरगाच माझ्या अंगावर आला. विमा कंपनीच्या वकिलाने कोर्टात कोटाची बाही सारखी करत सांगितलं, मयत चुकीच्या बाजूने गाडी चालवत होता. आणि निकाल लागला: चूक दोघांची.

या दोन शब्दांनी माझ्या अंगाची अजून आग होते. चूक दोघांची! मेलेला माणूस उलट बोलू शकत नाही, तेव्हा निम्मी चूक त्याच्या तिरडीवर टाकून मोकळं व्हायचं. दवाखान्यात नातेवाईक पोचायच्या आधी दलालांची माणसं पोचतात, सुतक फिटायच्या आत वकीलपत्रावर अंगठे घेतात, बघे मोबाईल काढून उभे राहतात. पण चाक कुठे होतं हे सांगायला यातला एकही जण तारखेला येत नाही.

आबांना भरपाईचं काही नव्हतं. निम्मी मिळाली ती त्यांनी किरणच्या बायकोच्या नावे टाकली आणि पुन्हा त्या पैशाचं नाव काढलं नाही. त्यांना खुपत होतं ते एवढंच, की कोर्टाच्या कागदावर त्यांचा पोरगा बाजू चुकलेला होता. "मन्हा किरण सायकल बी डाव्या बाजूनं चालाडे," ते म्हणत. "तो उजव्या बाजूले जाईच कसा? गाडीले पंख फुटनात का?"

हा प्रश्न त्यांनी सगळ्या खानदेशाला विचारला. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढली की आबा जेवायच्या ऐवजी पत्रावळीवर रस्ता मांडत. मिठाची रेघ म्हणजे मधला पट्टा. बट्टी म्हणजे ट्रक. तळलेली मिरची म्हणजे मोटारसायकल. बट्टी मिरचीवर आदळायची, आणि मिरची प्रत्येक वेळी अलीकडेच राहायची. आबा शेजारच्याला कोपराने ढोसत. "सांग भो, मिरची मिठाच्या पलीकडे कशी जाई?"

"आबा, वरण गार होतंय. जेवा ना!"

"जेवसू. पहिले मिरचीचं सांग."

वाढपी त्यांच्या बट्टीवर तूप घालायला भीत असत. मी शेजारी असलो की आबा सगळ्यांना गप्प करत. "थांबा, आमना डायवरभाऊले इचारू. यष्टीवर जलम गया त्यास्ना. बोला डायवरभाऊ, जाई का मिरची पलीकडे?"

एका पंगतीत मी काय केलं सांगतो. मी हात पुढे केला, ती मिरची उचलली आणि खाऊन टाकली. पंगत हसून लोळली. आबाही हसले. मला ठसका लागला तेव्हा त्यांनीच पाठीवर हात फिरवला.

मिरची पलीकडे कशी गेली, हे त्या पंगतीत एकाच माणसाला माहीत होतं. मला.

त्या दिवशी धुळ्याहून जळगावला येणारी एस.टी. मी चालवत होतो. आखाजीची गर्दी, गाडी माहेरवाशिणींनी खच्चून भरलेली. पोरगा रस्त्यावर पडला होता. एका जीपवाल्याच्या मदतीने मी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. मोटारसायकल त्याच्याच बाजूला, डावीकडे आडवी होती. पेट्रोल गळत होतं, ऊन पेटलेलं, दोन्हीकडून हॉर्न. गाडीतल्या बाया ओरडत होत्या, "निघा ना हो, दादा!" मी आणि एका प्रवाशाने ती गाडी ओढत रस्ता ओलांडून पलीकडे निंबाच्या सावलीत नेली. आग लागू नये म्हणून, आणि रस्ता मोकळा व्हावा म्हणून. आमच्या नोकरीत रस्ता मोकळा करणं हेच पुण्य. मग मी गाडीत चढलो, घंटी वाजली, आम्ही निघालो.

इथपर्यंत माझी चूक अजाण माणसाची होती. पुढची नाही. काही दिवसांनी एक म्हातारा शिंपी आमच्या डेपोत आला. "त्या दिनले एक यष्टी थांबेल व्हती म्हने. कोन व्हतं डायवर?" मी कँटीनच्या खिडकीतून त्याला पाहिलं. कोर्टाच्या तारखा, साहेबांच्या शिव्या, गाडी हलवली म्हणून उलट आपल्यावरच काही यायचं, हे सगळं मनात आलं, आणि मी मागच्या दाराने निघून गेलो. इतरांच्या नावाने बोटं मोडणारा मीच, तारखेला न गेलेल्यांमधला पहिला. रिटायर होऊन या कॉलनीत घर घेतलं, तर शेजारच्या फाटकात तोच शिंपी उभा, हातात पाण्याचा तांब्या. "या या, नवीन पाव्हनं! सामान उतरू द्या, पहिले चहा घ्या."

मुलगा गेल्यापासून आबा स्वतः मुराळी होऊन लेकीला आणायला जात. गेल्या आखाजीला गुडघे धरले होते. मला म्हणाले, "डायवरभाऊ, सोबत चला. तुम्ही राहिले तं यष्टीबी नीट चाले." मी गेलो. एरंडोल मागे पडलं. रस्ता आता चौपदरी झालाय, निंब केव्हाच तोडला. तरी आबांनी जागा बरोबर ओळखली आणि खिडकीबाहेर हात जोडले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक गोट कोनले सांगेल नही. किरणची पिशवी कोनीतरी झाडले टांगेल व्हती. उंच. सांजोऱ्या कुत्रास्नी खावाले नको म्हनून. सगळ्या जशाच्या तश्या व्हत्या." चष्मा पुसून म्हणाले, "ज्यानं गाडी हालाडी ना, तो भला मानूस शे, डायवरभाऊ. त्यानावर मन्हा राग नही. त्यानं फक्त एकदाव येवाले पाहिजे, अन सांगाले पाहिजे, गाडी कोठे व्हती. मी त्याले चहा पाजसू."

ती पिशवी मी टांगली होती.

मी तोंड उघडलं. "आबा..." म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं, चष्म्याआडून, अगदी सावध. आणि माझ्या तोंडून निघालं, "आबा, खिडकी लावू का? ऊन लागतंय."

"लावा," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी आबा गेले. फक्कीची बरणी लेकीने मला दिली. म्हणाली, "काका, आबांचा तुमच्यावर फार जीव होता." मी ती घेतली, आणि तिलाही काही बोललो नाही.

त्या खिडकीशी मला एवढंच म्हणायचं होतं: आबा, गाडी किरणच्याच बाजूला होती. तो बाजू चुकला नव्हता. ती पलीकडे मी नेली. मला माफ करा.