जुबेदाचे बावन्न किलो

हमीदभाई सोलकरांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही, माझं वजन सांगितलं.

शारजात अल मजाजच्या त्या इमारतीत राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले, मागे माझी सात वर्षांची ऋजुता. कोपऱ्यात मेंदी लावलेल्या दाढीचे एक सडपातळ गृहस्थ उभे होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "पासष्ट. पिशव्या धरून एकाहत्तर. चालेल, या."

"अंकल, दॅट्स नॉट नाइस," ऋजुता म्हणाली.

"तू बावीस," म्हणून त्यांनी बटण दाबलं.

घरी येऊन मी पिशव्या आपटल्या. आमचे हे, म्हणजे विलास, पोट धरून हसले. संध्याकाळी मी मुद्दाम खालच्या ग्रोसरीतल्या काट्यावर उभी राहिले. पासष्टच भरले. अंदाज चुकला असता तर मी त्यांना एकवेळ माफ केलं असतं.

हमीदभाई मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. आमच्याच मजल्यावर एका खोलीत पाच जणांबरोबर राहायचे. पंधरा वर्षं एका खडीच्या खाणीवर वजनकाट्यावर बसले होते, आणि आता इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये पिकअप गाड्यांना मागची ओढायची कडी बसवून द्यायचे. लोक बोटी ओढत, घोड्यांचे ट्रेलर ओढत, कॅरव्हॅन ओढत. गिऱ्हाइकानं सगळं वजन सांगून झालं की हमीदभाई पेन कानाला लावत आणि विचारत, "आणि माणसं धरली का?"

धरलेली नसत. गाडी धरत, पाण्याची टाकी धरत, जनरेटर धरत, पण आत बसणारी बायकामुलं कुणाच्या खिजगणतीत नसत. "माणूस वजनात धरायचा राहतो, वहिनी," ते मला सांगत. "सगळ्यात आधी तोच राहतो." हे वाक्य त्या काळात मी दीडशे वेळा तरी ऐकलं असेल. गणपतीला आमच्याकडे आले तरी नैवेद्याच्या ताटाकडे बघून विचारायचे, "वहिनी, मोदक किती? माणसं धरली का?"

त्यांची स्वतःची माणसं गावी होती. पत्नी जुबेदा आणि मुलगी नसीम. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार नव्हता आणि सहा पुरुषांच्या खोलीत बायकोला आणणार कुठे? चार वर्षं गावी जाणं झालं नव्हतं. दर शुक्रवारी नमाजानंतर फोन, तोही कार्ड संपेपर्यंत.

आणि मग एक दिवस हमीदभाईंनी कॅरव्हॅन विकत घेतली. एक कॅनेडियन कुटुंब देश सोडून निघालं होतं, त्यांनी चार हजार दिरहमला देऊन टाकली. "म्हणजे आपले चाळीस हजार," विलास दचकून म्हणाले. इमारतीमागच्या रेतीच्या मोकळ्या जागेत ती येऊन उभी राहिली तेव्हा अख्खी बिल्डिंग बाल्कनीत आली. आत पलंग, मोरी, छोटा ओटा, खिडकीला फुलांचे पडदे.

"अरबाब, आमचा मालक, व्हिजिट व्हिसा काढून देतोय," हमीदभाई म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत दोघी येणार, इन्शाल्ला. एक महिना. खोली नाही ना मला? ही खोली. फुजैरापर्यंत फिरवून आणतो. जुबेदानं डोंगर बघितलेत, समुद्र बघितलाय, पण दोन्हींच्या मध्ये आपलं घर उभं करून चहा कधी केला नाही."



ओढायला गाडी हवी. आमच्या विलासचा डक्टिंगचा छोटा धंदा होता, त्यांच्याकडे मोठी डबल केबिनची पिकअप होती. विलास हौसेनं म्हणाले, "मी चालवतो, चला." तिथेच फसले. कारण ही कॅरव्हॅन साधी, मागच्या कडीला लटकणारी नव्हती. हिची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एका जाड पिनेवर बसायची. "पूर्ण वजनाचा पाचवा हिस्सा गाडीच्या पाठीवर येतो," हमीदभाईंनी समजावलं. "पाठीवर ते, पोटात आपण. गाडी ओढेल हो, ओढायचं काय. फुजैराच्या वाटेवर मसाफीचा घाट लागतो, त्या उतारावर थांबली पाहिजे."

मग सुरू झाली जुळवाजुळव. गाडीला पेलेल तेवढ्यातून पिनेचा भार गेला, लोखंडी बैठक गेली. उरलेल्यात चार माणसं आणि आइसबॉक्स. हमीदभाई अडुसष्ट, विलास एक्क्याऐंशी, जुबेदा बावन्न, नसीम चोवीस.

"हमीदभाई, नसीम चोवीसची कधी होती?" मी विचारलं.

"मी निघालो तेव्हा."

"चार वर्षांत वाढली असेल ना पोर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. लिफ्टमध्ये परक्या पोरांची वजनं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीचं ठाऊक नव्हतं, आणि ते मी तोंडावर बोलून बसले होते. माझ्या जिभेला हाड नाही, हे विलास सांगतात ते काही खोटं नाही. शुक्रवारी फोन करून आले. नसीम एक्केचाळीस. जुबेदा बावन्नच.

बेरीज सतरा किलोनं वर गेली. कॅरव्हॅनमधला ओव्हन निघाला, जेवणाचं टेबल निघालं. मी लोणच्याची बरणी देऊ केली तर तिला ताणकाट्याला अडकवून "दीड" म्हणाले आणि परत दिली. शेवटी त्यांची नजर विलासवर गेली.

"विलासभाऊ, अजून सात किलो उरलेत. तेवढे कमी करा."

दुसऱ्याच्या बायकोला जागा करून देण्यासाठी उपाशी राहणारा माझा नवरा हा अल मजाजमधला पहिलाच असावा. भात बंद, साखर बंद. चिडायचा, पण रोज संध्याकाळी खालिद लगूनच्या पाण्याकाठी दोन फेऱ्या मारायचा. मी सांगून थकले ते हमीदभाईंनी एका वाक्यात करून घेतलं.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी खाणीवरच्या जुन्या काट्यावर पक्कं वजन करायला निघालो. बघते तर मागच्या सीटवर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं, वर साखरेचा दोन किलोचा पुडा, आणि दोन्हीवरून सीटबेल्ट नीट लावलेला. शेजारी पाण्याचे कॅन, एक्केचाळीस किलोचे.

"ही जुबेदा, ही नसीम," हमीदभाई म्हणाले. वळणावर पोतं जरा कलंडलं, तर त्यांनी मागे हात टाकून सावरलं आणि विलासला म्हणाले, "हळू घ्या ना भाऊ." ऋजुता खदखदून हसत होती. मीही हसले. आम्ही मायलेकी खाली उतरलो, आणि काट्यावर आकडा बरोबर जुळला. हमीदभाईंनी "खलास" म्हणून आकाशाकडे हात केले, आणि वाटेत सगळ्यांना तिथला कडक दुधाचा करक चहा पाजला.

त्यानंतर बाराव्या दिवशी नसीमचा फोन आला. हमीदभाईंच्या खोलीत फोन नव्हता, म्हणून आमच्याकडे. आई अंगणात पडली, उठवत नाही, पप्पांना पाठवा. अरबाब भला माणूस, त्यानं आपल्याकडे ठेवलेला पासपोर्ट दोन दिवसांत हातात दिला. हमीदभाई विमानतळावर निघाले तेव्हा हातात सामान नव्हतं. मी नजरेनं त्यांचा अंदाज घेत होते, काय भरतील म्हणून. मला तो नाद लागला होता.

ते परतले जुबेदाचा चाळिसावा करून. एकटेच. आमच्या हॉलमध्ये बसले, पाणी प्यायले, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागले.

"वहिनी, ती दारात बसली होती. मी फाटकातून पाहिलं आणि डोळ्यांनी आकडा सांगितला. मला नको होता, पण सवय. चौतीस."

विलासनं टीव्ही बंद केला.

"दोन वर्षं पोटाचं दुखणं. मला सांगितलं नाही. मी फोनवर वजन विचारायचो आणि ती सांगायची बावन्न. म्हटलं, खोटं का बोललीस? म्हणाली, तुम्ही तिथे एवढं जुळवत बसलेले, त्यात मी कुठे बिघाड करू?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "ती गेली त्याच्या आदल्या दिवशी विचारते, गाडीत माझं किती धरलंय? म्हटलं, बावन्न. म्हणाली, तेवढंच राहू द्या."

मी रडत होते. ते नव्हते.

"जनाज्याला खांदा दिला, वहिनी. खांद्याला काही कळलंच नाही."

त्यानंतर वर्षभर हमीदभाईंनी लिफ्टमध्ये कुणाचं वजन सांगितलं नाही. आठ माणसं शिरली, लिफ्ट ओरडली, तरी गप्प. मीच एकदा म्हटलं, "हमीदभाई, मी दोन किलो वाढले वाटतं." ते नुसते हसले. कॅरव्हॅन रेतीत उभी होती, चाकं अर्धी आत रुतलेली. लोकांनी विकत मागितली, त्यांनी दिली नाही.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत नसीम आली, मामीबरोबर. मामी दुबईत भावाकडे उतरली, नसीम बापाजवळ, कॅरव्हॅनमध्ये. दोन वेण्या, बापासारखेच बारीक डोळे, बोलणं कमी. तिसऱ्या दिवशी हमीदभाई आमच्या दारात आले. "विलासभाऊ, फुजैराला जाऊ या का?"

पुन्हा खाणीवरचा काटा. नसीम आता चव्वेचाळीस, आणि विलासनं वर्षभरात सातचे सात किलो भरून काढलेले. मागचं दार उघडलं तर नसीम खिडकीशी बसलेली, आणि तिच्या शेजारी तांदळाचं पोतं, वर साखरेचा पुडा, बेल्ट लावलेला. नवं पोतं होतं.

आकडा दहा किलोनं जास्त आला.

"अहो, हे पोतं काढलं की..." विलास बोलायला लागले. मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य तिथेच राहिलं.

हमीदभाईंनी आइसबॉक्स उतरवला. मग स्टोव्ह, मग स्वतःची कपड्यांची बॅग. सगळं माझ्या पायाशी ठेवलं आणि पुन्हा काट्यापाशी जाऊन पाहिलं. ह्यावेळी जुळलं.

ऋजुता आणि मी मागे राहणार होतो, टॅक्सीनं घरी परतणार होतो. मी खिडकीपाशी गेले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "माणसं धरली का, हमीदभाई?"

ते मागे वळले. नसीमनं पोत्यावरचा बेल्ट एकदा ओढून पाहिला आणि बापाकडे बघून मान हलवली.

"धरली, वहिनी," हमीदभाई म्हणाले. "सगळी धरली. यल्ला, विलासभाऊ. हळू घ्या."