गायधनी सरांचा मूक विरोध

कोणत्याही विभागाची विद्वत्ता त्याच्या अहवालाच्या जाडीवरून ठरते, हे शिक्षणक्षेत्रातलं सर्वमान्य सत्य आहे. १९७८च्या जुलैत गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयातले राज्यशास्त्र विभागप्रमुख प्रा. यज्ञेश्वर गायधनी यांच्या हाती असा अहवाल तयार होता. तो साडेतीन पानांचा होता.

"लय पातळ हाय, सर," शिपाई सहादू तो तळहातावर जोखत म्हणाला. "भूगोलवाल्यांच्यात टाचणी शिरत नव्हती."

सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. तिचं समाधान झालं नाही तर एम.ए.चा वर्ग बंद, आणि दारावरची 'विभागप्रमुख' ही पाटी खाली. (पाटी पितळेची होती. सर ती दर शनिवारी स्वतः पुसत.)

तसं कर्तृत्व कमी नव्हतं. तीन वर्षांत प्राध्यापकांनी चौदा परिसंवाद गाजवले होते (अकरांत श्रोते म्हणून, तिनांत आभार मानायला). निवडणूक पद्धतीवरचा सरांचा ग्रंथ प्रसिद्धीच्या मार्गावर होता. त्या मार्गाला आता नववं वर्ष लागलं होतं. विद्यार्थ्यांच्या राज्यशास्त्र मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी बिनविरोध निवडून येई, कारण त्याचं नाव सरच सांगत. सरांच्या घराण्यात सात पिढ्या गोदाकाठी यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिण्याचं काम. आलेलं नाव ओळीत बसवणं रक्तातच होतं.

अडला होता एकच रकाना: 'आणीबाणीच्या काळात लोकशाही मूल्यांसाठी विभागाने काय केले?'

सरांनी दोन दिवस विचार करून लिहिलं: 'मूक विरोध.' हा विरोध इतका मूक होता की खुद्द सरांनाही तो सत्त्याहत्तरच्या निवडणुकीचा निकाल लागल्यावरच ऐकू आला.

"पुरावा मागतील," सहकारी उत्तराबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मालन गांगुर्डेला घाला. तिनं निदान तोंड तरी उघडलं होतं."

मालन ही मनमाडच्या रेल्वे फिटरची मुलगी. रोज सकाळच्या गाडीनं येई. पंचाहत्तरच्या ऑगस्टात बी.ए.च्या वर्गात तिनं विचारलं होतं, "सर, मूलभूत हक्कांचं प्रकरण कधी घेणार?"

"ते स्वयंअध्ययनाला ठेवलंय. परीक्षेला येणार नाही."

"परीक्षेला नाही आलं तरी चालेल, सर. घरी पोलीस आले तर कुठलं पान उघडायचं?"

वर्ग हसला. सरांनी तिला बाहेर काढलं, ते टर्म संपेपर्यंत. (प्रकरण खरोखरच परीक्षेला आलं नाही. 'प्राध्यापकांचे अंदाज शंभर टक्के अचूक', अहवाल, पान दोन.)

सरांनी 'मूक विरोध' खोडून लिहिलं: 'विभागाने एक निर्भीड विद्यार्थिनी घडवली व तिच्या मुक्त चिंतनासाठी वर्गाबाहेर स्वतंत्र सोय केली.'

समितीचे अध्यक्ष भारावले. इतके, की त्यांनी मालनला बोलावूनच घेतलं. ती आता मनमाडला शाळेत शिकवत होती.

"गायधनी सरांनी तुम्हाला काय दिलं, ते सांगा."

"व्हरांडा," मालन म्हणाली. "प्रकरण मी तिथंच वाचून काढलं. सर, बाकीच्यांचं राहिलंय. कधी घेताय?"

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे. (मालनच्या वर्षाची प्रश्नपत्रिका अध्यक्षांनीच काढली होती.)

"वेळ झाली," दोघं एकदमच म्हणाले.

एम.ए.चा वर्ग कायम झाला. शेरा आला: 'विभागाला प्रश्न विचारण्याची थोर परंपरा आहे.' पाटी राहिली.

पण शनिवारी पाटी पुसताना सरांना त्यात आपला चेहरा दिसला आणि उगाचच मालनचा शेवटचा प्रश्न आठवला. कधी घेताय? त्यांनी त्या वर्गाचा जुना हजेरीपट काढला. मालन सोडून एकेचाळीस जण हजर. पुढच्या अहवालाची तयारी म्हणून सरांनी एकेकाला पत्र टाकलं: मालनला वर्गाबाहेर काढलं त्या दिवशी आपण काय केलंत?

एकेचाळिसांचीही उत्तरं आली. सगळे नोकरीत कायम झालेले, सगळ्यांचं बरं चाललेलं. प्रत्येकानं कळवलं होतं की आपण हसलो नव्हतो, शेजारचा हसला होता. एकेचाळीस निर्भीड विद्यार्थी! सरांनी ती संख्या लाल शाईनं लिहिली, आणि खाली, थोडी जागा सोडून, बेचाळिसावं नाव स्वतःचं घातलं.

खाली अजून जागा आहे. मघाशी मालनच्या त्या 'कुठलं पान उघडायचं' या प्रश्नाला तुम्हीही हसला नसाल, तर तसं कळवावं. विभाग पुरावा मागत नाही.