साहेबांची ताठ कॉलर

"मास्तर, शेवटचं पत्र कुठंय?" करसल्लागारानं तिसऱ्यांदा विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

टेबलापलीकडे टेलरमास्तर मापाची टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. शेजारी बायको, मांडीवर फुगलेली पिशवी. पाचच्या आत कर खात्याकडे हरकत नोंदवली नाही, तर मास्तरांचं बँकेतलं खातं गोठणार होतं. आणि त्या खात्यात लेकीच्या कॉलेजची फी होती. उद्या भरायची.

"पिशवीत असेल," मास्तर पुटपुटले.

बायकोनं पिशवी पालथी केली. बाहेर पडल्या लहान मुलांच्या बाह्या, खिसे, कफ. सगळं कागदाचं, आणि जागोजागी सरकारी शिक्के.

"हे काय?"

"पत्रंच आहेत. म्हणजे... होती. कागद चांगला जाड होता, साहेब."

"नोटीस आली नि ह्यांनी तिचं झबलं बेतलं!" बायको कडाडली. "मला म्हणाले, गिऱ्हाइकांची मापं आहेत!"

तीन वर्षं पाकिटं येत होती. वाचायचा मास्तरांना धीर नव्हता, फेकायचा तर त्याहून नव्हता. कापड मोजावं गजानं, भीती मोजावी कशानं? शेवटी त्यांनी तिलाच कात्री लावली होती.

करसल्लागार ठिगळं जोडू लागला. कफाला खिसा, खिशाला बाही. गेल्या महिन्यातलं पत्र हळूहळू उभं राहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही विवरणपत्रच भरलं नाही, म्हणून त्यांनी आकडा अंदाजानं ठोकलाय! खरा कर याच्या पाव हिस्साही नाही. हरकतीचा मुद्दा तयार आहे. फक्त नोटिशीचा नंबर हवा. वरची पट्टी द्या."

मास्तरांनी टेप पुन्हा बोटाला गुंडाळली.

"मास्तर, चार पस्तीस!"

मास्तरांची नजर टेबलावरून वर सरकली आणि करसल्लागाराच्या मानेपाशी थांबली. "गेल्या महिन्यात तुमचा कोट शिवला ना, साहेब... तेव्हा कॉलरीत घालायचं बकरम संपलं होतं."

करसल्लागाराचा हात आपसूक कॉलरीकडे गेला. महिनाभर ज्या ताठ कॉलरीचं सगळ्यांनी कौतुक केलं, ती कागदासारखी चुरचुर वाजली.

"तरीच माझी मान अवघडते!"

"काढा कोट!" बायकोनं मास्तरांच्या खिशातून कात्री काढलीच होती.

"वेळ नाही, वहिनी. मी टाइप करतो, तुम्ही उसवा."

"हलू नका मग. पातं मानेशी आहे."

टाके तुटले. डाव्या बाजूतून घामानं ओलसर झालेली पट्टी निघाली. मास्तरांनी आकडे वाचले, एकेक, मणी ओवावेत तसे. दहाव्या आकड्यावर कागद संपला.

"पुढे?"

"पुढचे उजवीकडे," मास्तर म्हणाले. "कॉलरीला दोन टोकं असतात, साहेब."

चार बावन्न. दुसरं टोक उसवलं. शेवटचा आकडा शिवणीखाली आलेला. तीन की आठ? तिघं डोक्याला डोकं लावून वाकले. सुईला डोळा असतो, पण वाचता थोडंच येतं! मास्तरांनीच कागद खिडकीशी धरला. "आठ. टाका पोटातनं गेलाय."

चार अठ्ठावन्नला हरकत ऑनलाइन नोंदली गेली. बायकोनं पदरानं डोळे पुसले. कॉलरीची दोन्ही टोकं लोंबत असताना करसल्लागारानं बजावलं, "यापुढे सरकारी पाकिटाला कात्री लावायची नाही. तसंच माझ्याकडे आणायचं."

"शप्पथ, साहेब!"

पंधरा दिवसांनी कोट दुरुस्त होऊन आला. करसल्लागारानं आरशात मान वळवली. कॉलर पहिल्याहून ताठ.

"आता तरी बकरम घातलंत ना?"

"बकरम कुठलं! पण सरकारी पाकिटाला हात लावला नाही हं," मास्तर अभिमानानं म्हणाले. "तुमच्याच ऑफिसातनं एक आलं होतं. चांगलं जाड."

"अहो, त्यात माझं बिल होतं!"

"असेल, साहेब," मास्तर टेप गुंडाळत हळूच म्हणाले. "उघडायचा धीर नाही झाला."