कसरीच्या साक्षीची हकीकत

श्रीगजानन सांगणाऱ्यास नेमकी स्मृती देवो आणि ऐकणाऱ्यास सवड देवो. शके अठराशे एक, प्रमाथीनाम संवत्सरी, आश्विन मासी, एका राज्यात बारा पोथ्यांचा तंटा उभा राहिला, त्याचा मजकूर ऐसा. त्या राज्याचे महाराज विद्येचे मोठे शौकीन. त्यांनी दूरदेशीच्या ग्रीक व रोमन लोकांच्या जुन्या पोथ्या जहाजांतून आणविल्या आणि ग्रंथशाळा बांधविली आणि निळोपंत म्हणून थोर पंडित तिजवर मुख्य नेमिले. एका ग्रीक नाटकाच्या बारा प्रती जमा जाहल्या होत्या. त्यात पुत्र रणी पडतो आणि दूत येऊन मातेस वार्ता सांगतो. परंतु अकरा प्रतींत माता आधी रडते आणि दूत मागाहून येतो. डोंगरी मठातून आलेल्या एका फाटक्या प्रतीत मात्र दूत आधी, रडणे मागाहून. त्या दरबारी चाल ऐसी, की पाठाचा वाद पडला म्हणजे प्रत्येक पोथीपुढे एक सुपारी ठेवावी आणि जिकडे सुपाऱ्या अधिक तो पाठ खरा मानावा. अकरा सुपाऱ्यांच्या बळावर निळोपंतांनी, मातेस वार्तेआधीच कळते हीच कवीची थोरवी, ऐसे तीनशे पृष्ठांचे भाष्य चाळीस वर्षे खपून रचिले, आणि ते विजयादशमीस छापावे ऐसे ठरले.

मग पंतांचीच शिष्या म्हाळसा, भिंगे घासणाऱ्याची लेक, त्या अकरांतली सर्वांत जुनी प्रत अखेरची तपासू लागली. तिला दिसेल ते मोजण्याची खोड. कसरीने, म्हणजे पोथ्या खाणाऱ्या किडीने, पाडलेले एक भोक तिने पाहिले. ते पानांमागून पाने पार गेले होते, परंतु तिरके; दर चार पानांस एक यव, म्हणजे जवाच्या दाण्याएवढे, काठाकडे सरके. ऐसे चाळीस पाने बिनचूक चालले आणि मातेच्या रडण्याच्या पानावर भोक एकाएकी यवभर पुढे गेले आणि पुढल्या पानावर परत मागे आले. म्हाळसेने भिंग पुसले आणि फिरून मोजले. माप तेच. मग पाहिले, तर ते एकच पान शिवलेले नव्हे, सुटल्यावर मागाहून खळीने चिकटविलेले.

ती पंतांकडे गेली. पंत म्हणाले, “म्हाळसे, छपाईस चार दिवस उरले आणि तुला भोके सुचतात?”

“गुरुजी, कसर उड्या मारीत नाही.”

“अगं, आईचे काळीज ते! तुझे भिंग कळवळ्याचे माप घेणार काय?”

“कळवळ्याचे नाही. पानाचे घेते.”

“दरबारी हरकत घेऊन हरलीस, तर ग्रंथशाळेची पायरी कायमची सुटेल. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. पण विचारले नाही, तर इथे बसून काय वाचू?”

मग दरबार भरला आणि सुपाऱ्या मांडिल्या. कोणी सरदार हसून बोलिले, “अकरांवर एक! भिंगवालीस मोजता येते ना?” म्हाळसेने जुनी प्रत उघडिली. तीत एके ठायी मेण सांडून दोन ओळी बुजल्या होत्या, आणि अकरांपैकी बाकीच्या दहा प्रतींत नेमकी तेथेच कोरी जागा होती. ती म्हणाली, “महाराज, ही दहा या एका पोथीची लेकरे. आई सांगेल तेच बोलणार.” आणि तिने दहा सुपाऱ्या उचलून घेतल्या. राहिली एकास एक. मग तिने वीणेची सरळ तार काढिली आणि महाराजांस न देता पंतांच्या हाती दिली. पंतांनी ती भोकात घातली, ती रडण्याच्या पानाशी अडली. पंतांनी पाणी मागविले आणि खळ भिजवून ते पान आपल्या हाताने सोडविले आणि दूताच्या चार पानांनंतर ठेविले. तार फिरून घातली, ती थेट मागल्या पुठ्ठ्यास लागली.

महाराजांनी पुसिले, “पंत, भाष्याचे काय?”

पंतांनी तार काढून घेतली आणि बोलिले, “महाराज, ही पोथी माझ्याआधी कसरीने वाचिली. तिला ग्रीक येत नव्हते, म्हणून पाने होती तशी वाचीत गेली. मला येत होते, म्हणून मी चुकीलाही कारण शोधून दिले.” ऐसे म्हणून तीनशे पृष्ठे त्यांनी बाजूस सारिली.

म्हाळसेस जिंकल्याचा हर्ष होईना. तेव्हा पंतांनी पोथी जवळ ओढिली आणि कपाळास आठी घातली. “म्हाळसे, दूत चार पाने बोलतो आणि समोर आई उभी. मग ती चार पाने गप्प का?”

म्हाळसेने ते मनातही आणिले नव्हते. ती म्हणाली, “हे माझ्या भिंगात दिसत नाही, गुरुजी.”

“मग सरक इकडे,” पंत म्हणाले, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेविले.

येणेप्रमाणे तंटा मिटला. ग्रंथ त्या विजयादशमीस छापला नाही. त्या राज्यात पुढे सुपारी ठेवण्याआधी पोथीची आई कोण हे पुसू लागले, आणि म्हाळसेचे आसन पंतांच्या शेजारी मांडिले गेले.